दोन इतिहासांच्या मधे राहिलेले चित्रपट : ऐंशीच्या दशकातील 'होली', 'पार्टी', 'रावसाहेब' आणि 'गोदाम'

प्रस्तावना

ऐंशीच्या दशकातील मराठी चित्रपटाचा विषय निघाला की चर्चा साधारणपणे दोन टोकांना जाऊन थांबते. एका टोकाला डॉ. जब्बार पटेल यांचा 'उंबरठा' (१९८२) असतो. दुसऱ्या टोकाला 'धुमधडाका' (१९८५), 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) यांसारखे विनोदी चित्रपट असतात. या दोन टोकांच्या मधे मराठी साहित्याने आणि मराठी रंगभूमीने चित्रपटाला जे दिले, त्याचा मोठा भाग आपल्या गणनेतून सुटलेला आहे. हे चित्रपट मराठी लेखकांच्या कृतींवर उभे आहेत. त्यांतील घरे, आडनावे, नातेसंबंध आणि नैतिक पेच मराठी आहेत. परंतु त्यांतील पात्रे हिंदीत बोलतात. एवढ्या एका कारणाने मराठी चित्रपटाच्या इतिहासाने त्यांना हिंदीकडे सोपवले आणि हिंदीच्या इतिहासाने 'समांतर चित्रपट' या सामुदायिक नावाखाली त्यांचा उल्लेख करून विषय संपवला.

प्रस्तुत लेखात अशा चार चित्रपटांचा विचार केला आहे : केतन मेहता यांचा 'होली' (१९८४), गोविंद निहलानी यांचा 'पार्टी' (१९८४), विजया मेहता यांचा 'रावसाहेब' (१९८५) आणि दिलीप चित्रे यांचा 'गोदाम' (१९८३). पहिल्या दोहोंचे मूळ महेश एलकुंचवार यांच्या नाट्यकृतींत, तिसऱ्याचे जयवंत दळवी यांच्या 'बॅरिस्टर' या नाटकात, तर चौथ्याचे भाऊ पाध्ये यांच्या कथेत आहे. हे चित्रपट केवळ दुर्मिळ म्हणून पाहावेत, असे सुचवावयाचे नाही. मराठी साहित्याच्या अध्यापकाला स्वतःच्या अभ्यासविषयाबद्दल ते काही नवे सांगतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

एक कबुली आरंभीच दिली पाहिजे. 'पार्टी' हे नाटक प्रस्तुत लेखकाने विद्यार्थी म्हणून वाचले, पुढे वर्गात शिकवलेही. परंतु त्यावरील चित्रपट पाहिला तो फार उशिरा, एम.फिल. पूर्ण झाल्यानंतर. आज वर्गात हा प्रश्न विचारला असता नाटक वाचलेले विद्यार्थी भेटतात, चित्रपट पाहिलेला विद्यार्थी क्वचितच भेटतो. दोष विद्यार्थ्यांचा नाही. ज्यांनी त्यांना हे सांगावयाचे, त्या आपणच ते फारसे पाहिलेले नसतात.

वर्गीकरणाचा प्रश्न

एखाद्या चित्रपटाला 'मराठी' म्हणावयाचे ते कशाच्या आधारे? व्यवहारात याचे उत्तर सोपे आहे. पात्रे ज्या भाषेत बोलतात, त्या भाषेचा तो चित्रपट. प्रमाणपत्रे, पुरस्कारांचे विभाग आणि शासकीय योजना यांना असे सोपे उत्तर लागतेच. महाराष्ट्र शासनाने १९७५ साली सुरू केलेली करपरतावा योजना मराठी चित्रपटासाठी होती. तिच्या दृष्टीने मराठी नाटकावरचा हिंदी चित्रपट हा हिंदी चित्रपटच. प्रशासनाला हा निकष योग्यच आहे. अडचण निर्माण होते ती समीक्षेने आणि अभ्यासक्रमाने तोच निकष विचार न करता उचलल्यामुळे.

हिंदीची निवड का झाली, हेही समजून घेतले पाहिजे. 'पार्टी' आणि 'गोदाम' यांमागे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचे आर्थिक बळ होते. १९७५ साली स्थापन झालेल्या आणि १९८० मध्ये फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनला सामावून घेणाऱ्या या संस्थेमुळे व्यापारी गणितात न बसणारे विषय पडद्यावर येऊ शकले. हिंदी संवादांमुळे अशा चित्रपटाला देशभरचा प्रेक्षक, महोत्सव आणि दूरदर्शन यांची वाट मोकळी होण्याची शक्यता होती. दिल्ली, मुंबई, पुणे येथील रंगभूमीवर आणि प्रशिक्षणसंस्थांत घडलेले कलावंतही या चित्रपटांना हिंदीमुळे एकत्र मिळाले. ही निवड समजण्यासारखी होती. तिची किंमत मात्र पुढे स्मरणाच्या पातळीवर मोजावी लागली.

ही किंमत किती, हे 'उंबरठा'च्या उदाहरणावरून कळते. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवरील हा चित्रपट 'सुबह' या नावाने हिंदीतही झाला. दिग्दर्शक तेच, नायिका स्मिता पाटील याच. मराठी रसिकाच्या मनात आज 'उंबरठा' आहे, त्यातील सुरेश भटांच्या शब्दांसह आहे. 'सुबह'चे नाव मुद्दाम सांगावे लागते. 'होली' आणि 'पार्टी' यांना मराठी रूपच नव्हते. त्यामुळे त्यांना मराठी स्मरणात घर मिळाले नाही. अपवाद 'अर्धसत्य'चा (१९८३). श्री. दा. पानवलकर यांच्या 'सूर्य' या कथेवरील आणि विजय तेंडुलकर यांच्या पटकथेचा हा चित्रपट टिकून राहिला, कारण पोलीस अधिकाऱ्याच्या कोंडमाऱ्याने त्याला मोठा प्रेक्षकवर्ग मिळवून दिला. उरलेल्यांना तसा आधार नव्हता.

'होली' : चेष्टा छळ कधी होते?

महेश एलकुंचवार यांचा जन्म यवतमाळ जिल्ह्यातील पारवा येथील. शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजातील आणि पुढे इंग्रजीचे अध्यापनही नागपुरातच. आपल्या नाट्यलेखनाच्या आरंभाची जी आठवण त्यांनी सांगितली आहे, ती येथे प्रस्तुत ठरते. नागपुरात एकदा चित्रपटाचे तिकीट मिळाले नाही, म्हणून ते विजया मेहता यांनी दिग्दर्शित केलेले तेंडुलकरांचे 'मी जिंकलो! मी हरलो!' हे नाटक पाहावयास गेले आणि त्या प्रयोगाने त्यांना नाटकाकडे खेचून नेले. पुढे १९६७ मध्ये 'सत्यकथे'त त्यांची 'सुलतान' ही एकांकिका प्रसिद्ध झाली आणि १९६९-७० च्या सुमारास विजया मेहता यांनीच 'रंगायन'साठी 'होळी' व 'सुलतान' या एकांकिका रंगमंचावर आणल्या. चित्रपटगृहाच्या दारातून परतलेल्या या प्रेक्षकाची 'होळी' पुढे पडद्यावर गेली. मात्र त्याच्या स्वतःच्या गावातही ती आज फारशी कोणाला आठवत नाही.

'होली'चा घटनाकाल एका दिवसाचा आहे. होळीची सुटी न दिलेले एक महाविद्यालय, त्याचे वसतिगृह, कंटाळलेली आणि धुमसणारी मुले. किरकोळ खोड्यांपासून सुरू झालेला दिवस हळूहळू बंडाळीकडे जातो. चौकशी सुरू होते. प्राचार्यांसमोर (ओम पुरी) सहाध्यायांची नावे सांगणारा आनंद हा मुलगा इतरांच्या सूडाचे लक्ष्य बनतो. त्याची जी विटंबना होते, तिचा शेवट त्याच्या आत्महत्येत होतो. उरलेल्या मुलांना पोलीस घेऊन जातात.

एकांकिकेची शक्ती तिच्या सलग काळात असते. केतन मेहता यांनी या सलगतेला चित्रपटीय प्रतिरूप शोधले ते लांब, न तोडलेल्या दृश्यांचे. जहांगीर चौधरी यांचा कॅमेरा मुलांच्या मागोमाग व्हरांड्यांतून, जिन्यांवरून, खोल्यांतून फिरत राहतो. ही केवळ तांत्रिक कसरत मानली तर चित्रपटाचा मर्मभाग हातातून निसटतो. चित्रपटात दृश्य जेथे तुटते, तेथे प्रेक्षकाला एक टप्पा संपून दुसरा सुरू झाल्याची जाणीव होते. मनाशी हिशेब मांडण्यास उसंत मिळते. येथे ती उसंत नाही. त्यामुळे चेष्टा नेमकी कोणत्या क्षणी छळ झाली, हे बोट ठेवून सांगता येत नाही. हसणाऱ्यांच्या घोळक्यात आपण स्वतः किती वेळ हसत होतो, हा प्रश्न प्रेक्षकाला नंतर पडतो आणि तो अस्वस्थ करणारा आहे.

अध्यापकाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. या चित्रपटातील व्यवस्थेला मुलांना विचारण्यासारखा एकच प्रश्न ठाऊक आहे : कोणी केले? असे का झाले, हा प्रश्न विचारला जात नाही. नसीरुद्दीन शाह, डॉ. श्रीराम लागू, दीप्ती नवल यांच्यासारखे समर्थ कलावंत 'होली'त आहेत. तरीही चित्रपट त्यांच्यापैकी कोणा वडीलधाऱ्याला त्राता होऊ देत नाही. आनंदला मारणारे हात मुलांचे आहेत. परंतु त्याला एकटे पाडण्याची प्रक्रिया चौकशीच्या खोलीत सुरू झालेली आहे. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्ये झाला, विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम २००९ मध्ये आले. आज प्रत्येक महाविद्यालयात समिती आहे, फलक आहे, प्रतिज्ञापत्र आहे. नाव सांगणाऱ्या मुलाचे पुढे काय होते, हा 'होली'चा प्रश्न मात्र फलकाने सुटत नाही. तो आपल्या रोजच्या कामातला प्रश्न आहे.

'होली'चे नाव आज घेतले जाते ते बहुधा दुसऱ्याच कारणाने. आमिर खान आणि आशुतोष गोवारीकर या दोघांच्या उमेदवारीच्या काळातील हा चित्रपट असल्याने 'लगान'च्या (२००१) यशानंतर तो चरित्रपर माहितीचा एक तपशील झाला. एका नटाच्या कारकिर्दीची तळटीप म्हणून एखादी कलाकृती जिवंत राहणे, हाही विस्मरणाचाच प्रकार होय.

'पार्टी' : अनुपस्थित कवीची सत्ता

'पार्टी' या १९७६ च्या नाटकावरून एलकुंचवार यांच्याच सहभागाने निहलानी यांनी केलेला चित्रपट मुंबईतील एका श्रीमंत घरात घडतो. साहित्यिकांच्या आश्रयदात्या दमयंती राणे (विजया मेहता) यांनी ज्येष्ठ लेखक दिवाकर बर्वे (मनोहर सिंग) यांना मिळालेल्या पुरस्कारानिमित्त मेजवानी दिली आहे. लेखक, नट, पत्रकार, उदयोन्मुख कवी, हौशी क्रांतिकारक असे सारे जमतात. या सर्वांच्या बोलण्यात पुनःपुन्हा एक नाव येते : अमृत. उत्तम कवी म्हणून गाजलेला हा माणूस शहर सोडून आदिवासींमध्ये काम करावयास गेला आहे. रात्र चढत जाते तशी त्याच्याविषयीची चर्चा स्वतःविषयीच्या कबुलीजबाबात बदलते. अखेरीस त्याची हत्या झाल्याची बातमी या घरात येऊन पोहोचते.

रंगमंचावर अनुपस्थित पात्र ही मोठी शक्ती असते, कारण रंगमंच घराबाहेर जाऊ शकत नाही. कॅमेऱ्याला मात्र कोठेही जाता येते. अमृतचे अरण्य, त्याचे काम, त्याचा लढा दाखवण्याचा मोह दिग्दर्शकाला झाला असता तर नवल नव्हते. निहलानी यांनी तो मोह टाळला. कॅमेरा घरातच राहतो. दिवाणखाना, वरची खोली, गच्ची, बाग असा फिरतो. जो समाज ज्या माणसाबद्दल बोलतो, त्या माणसाकडे जाण्याची वाट त्याच्यापाशी नाही, हे या बंदिस्तपणातून सिद्ध होते. शेवटी जखमी अमृत (नसीरुद्दीन शाह) क्षणकाल दिसतो, तोही दुःस्वप्नासारखा. ज्याच्या शब्दांवर रात्रभर चर्चा झाली, त्याला बोलता येत नाही. आणि ज्यांना बोलता येते, त्यांच्या बोलण्याला आता वजन उरलेले नाही.

या चित्रपटातील सर्वांत टोकदार व्यक्तिरेखा मोहिनी बर्वे यांची आहे. लेखकाची सोबत करता करता स्वतःची ओळख हरवून बसलेली ही नटी रोहिणी हट्टंगडी यांनी अशा तोलाने उभी केली आहे की तिच्या मद्यधुंद बडबडीतूनच मेजवानीतील सर्वांत खरे बोल ऐकू येतात. सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार १९८४ च्या चित्रपटांपासून सुरू झाला आणि तो पहिल्यांदा मिळाला या भूमिकेला. मराठी रंगभूमीवर घडलेल्या अभिनेत्रीचा हा मान आपल्या नाट्यविषयक लेखनात अपवादानेच नोंदला जातो.

'पार्टी' पाहताना साहित्यव्यवहारात वावरणाऱ्या कोणालाही काही काळ अवघडल्यासारखे होईल. पुरस्कार, सत्कार, बांधिलकीवरील चर्चासत्रे आणि चर्चासत्रानंतरचे भोजन हा आपल्याही परिचयाचा क्रम आहे. बांधिलकीवर निबंध वाचणे आणि बांधिलकी पत्करणे यांतील अंतर एलकुंचवारांनी येथे मोजले आहे. तेही अमृतला देवत्व न देता. त्याच्या निर्णयामागेही अहंकार असेल का, ही शंका पात्रांच्या तोंडून उपस्थित होते आणि तिचे सोपे निराकरण होत नाही.

'रावसाहेब' आणि 'गोदाम'

ज्या विजया मेहता यांनी 'होळी' प्रथम रंगमंचावर आणली आणि 'पार्टी'त दमयंती राणे साकारली, त्यांनीच 'बॅरिस्टर' (१९७७) हे नाटकही दिग्दर्शित केले होते. त्यावरचा 'रावसाहेब' हा त्यांचा चित्रपट. विलायतेहून आलेला बॅरिस्टर (अनुपम खेर), वाड्यातील सोवळी मावशी (विजया मेहता) आणि तरुण वयात वैधव्य आलेली स्त्री (तन्वी आझमी) या तिघांभोवती तो फिरतो. नव्या विचारांचा बॅरिस्टर तिला नव्या आयुष्याचे स्वप्न दाखवतो आणि निर्णयाची वेळ येताच रूढीपुढे हतबल होतो. सुधारणेचा विचार ग्रंथातून आला, अंगात मुरला नाही, ही एकोणिसाव्या-विसाव्या शतकांच्या सांध्यावरील मराठी समाजाची शोकांतिका येथे एका घरात सामावली आहे. १९८५ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत विजया मेहता यांना सहायक अभिनेत्रीचा, तर शाम भुतकर यांना कलादिग्दर्शनाचा पुरस्कार या चित्रपटासाठी मिळाला. वाडा येथे केवळ पार्श्वभूमी राहत नाही. ओसरी, माजघर आणि वरचा मजला यांतून कोणाला कोठवर जाता येते, यावरून त्या घरातील सत्ता कळते.

'गोदाम' हा कवी दिलीप चित्रे यांनी दिग्दर्शित केलेला एकमेव कथापट. सासऱ्याच्या वासनेतून सुटून पळालेली कोवळ्या वयाची मुलगी आडबाजूच्या एका गोदामात आसऱ्याला येते. या मुलीभोवती आणि तेथील पुरुषांभोवती (के. के. रैना, सत्यदेव दुबे) हा चित्रपट उभा आहे. कमीत कमी बोलणे, रिकाम्या जागा आणि दीर्घ शांतता यांवर तो चालतो. १९८४ मध्ये फ्रान्समधील नांत येथील महोत्सवात त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. चित्रे यांच्या कवितेवर आणि तुकारामाच्या त्यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादावर आपल्याकडे संशोधन होते. 'गोदाम'चा विचार त्यात क्वचितच येतो. भाऊ पाध्ये यांच्या अभ्यासकांनाही हा चित्रपट उपयोगी पडावा.

मर्यादा

या चित्रपटांचे गुणगान करताना त्यांच्या उणिवा झाकणे उचित होणार नाही. हिंदीच्या निवडीने त्यांचे खरे नुकसान केले आहे आणि ते सर्वांत जास्त 'रावसाहेब'मध्ये जाणवते. दळवींच्या संवादांत मावशीच्या बोलण्याला घराण्याचा, जातीचा, सोवळ्याओवळ्याचा जो दर्प आणि जो ओलावा आहे, तो प्रमाण हिंदीत उतरत नाही. शब्द कळतात, शब्दांमागचे माजघर कळत नाही. 'पार्टी'त ही अडचण कमी भासते, कारण तेथील वर्गाचे बोलणेच मुळात उसने आहे. हिंदी-इंग्रजीची सरमिसळ त्यांना शोभून दिसते. तथापि काही प्रसंगांत पात्रे परस्परांशी बोलण्याऐवजी भूमिका मांडतात आणि नाटकाचा साचा उघडा पडतो. 'होली'तील गजबजलेल्या घोळक्यात मुलींच्या वाट्याला फारसे काही आलेले नाही आणि मुलांचे चेहरे वेगळे ओळखू येईपर्यंत बराच वेळ जातो. 'गोदाम'ची संथ गती सरावलेल्या प्रेक्षकाचीही परीक्षा पाहते.

तरीही या मर्यादा अभ्यासाचा विषय होऊ शकतात. मूळ संहिता मराठी, चित्रपट हिंदी, अशी जोडी समोर ठेवली की भाषांतरात काय निसटते, माध्यमांतरात काय गवसते, हे विद्यार्थ्याला सिद्धान्ताच्या आधाराविना दाखवता येते. मावशीचे एखादे वाक्य नाटकातून वाचावे आणि तेच पडद्यावर ऐकावे; भाषा ही केवळ साधन नसते, हे सांगण्यासाठी वेगळ्या व्याख्यानाची गरज उरणार नाही.

समारोप

मराठी चित्रपटाचा इतिहास केवळ संवादांच्या भाषेवरून लिहिला, तर एलकुंचवार, दळवी, चित्रे आणि पाध्ये यांच्या कृतींचे पडद्यावरील आयुष्य त्याबाहेर राहते. विजया मेहता यांच्यासारख्या दिग्दर्शिकेचे कामही अर्धेच दिसते. या चित्रपटांना 'मराठी' ठरवून हिंदीकडून काढून घ्यावे, असा येथे आग्रह नाही. एका कलाकृतीची दोन घरे असू शकतात, एवढेच मान्य करावयाचे आहे.

त्या दृष्टीने तीन गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. जेथे एलकुंचवार किंवा दळवी यांची नाट्यकृती अभ्यासक्रमात आहे, तेथे तीवरील चित्रपट पूरक साहित्य म्हणून दाखवावा. 'पार्टी' महामंडळाच्या 'सिनेमाज ऑफ इंडिया' या मालिकेतून तबकडीच्या रूपाने उपलब्ध झाला होता. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी अशा प्रतींचा शोध घ्यावा. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून जतनाचे काम करीत आले आहे आणि २०२२ मध्ये त्याची जबाबदारी महामंडळाकडेच सोपवण्यात आली. उरलेल्या चित्रपटांसाठी अभ्यासमंडळांनी तेथे विचारणा करावी. तिसरी गोष्ट नागपूरपुरती आहे. एलकुंचवारांच्या गावात 'होली' महाविद्यालयाच्या सभागृहात विद्यार्थ्यांसोबत आणि प्राध्यापकांसोबत एकत्र पाहिला जावा. पाहून झाल्यावर पहिला प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारावा आणि उत्तर देण्याची पाळी आपली असावी.